मामाजींचं बोलणं अडलं

वामनरावांचे आधी पाय गेले, मग हात, मग जीभ. डोकं मात्र लख्ख होतं, आणि उजव्या हाताचं एक बोट अजून हलत होतं. त्या बोटावरच त्यांचं सगळं बोलणं चालायचं.

सून जयमाला हिच्या धाकट्या भावानं, गोविंदानं, पुण्याहून मोताळ्याला येऊन एका जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ही फुकटातली संगणकप्रणाली टाकून दिली होती. पडद्यावरच्या अक्षरांच्या तक्त्यावरून उजेड सरकत जायचा. हवं ते अक्षर आलं की वामनराव बोटाखालचं बटण दाबायचे. एक वाक्य पुरं होईस्तोवर चहा निवायचा, पण 'वरणात मीठ नाई' हेसुद्धा ते स्वतः सांगायचे.

त्या सकाळी मोठी गोष्ट विचारायची होती. गिळणं बंद होत आलं होतं. पोटात नळी घालायची का, हे पेशंटलाच विचारून या, असं अकोल्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. दुपारी गाडी येणार होती. राम, त्यांचा मुलगा, खाटेजवळ बसला. वामनरावांनी बटण दाबायला सुरुवात केली. 'नळी लावा पण' एवढं उमटलं आणि पडदा गोठला. मग काळा झाला, आणि पासवर्डची चौकट आली.

जयमालानं पासवर्ड टाकला. पडदा क्षणभर काळा, पुन्हा चौकट. परत टाकला, परत तेच. घरात शिरावं आणि उंबऱ्यावरूनच कोणी मागे ढकलावं, तसं.

तिनं गोविंदाला फोन लावला.

"ताई, काल काही केलं होतं काय?"

"अपडेट करू का म्हणे, मी हो म्हटलं. मधातच लाईन गेली. बॅटरी तर मेलेलीच हाये, बंद पडला तो."

"अर्धवट राह्यलं मंग ते. कंट्रोल, ऑल्ट, एफ-तीन एकदम दाब."

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. गोविंदा एकेक अक्षर सांगत गेला, ती टाइप करत गेली. इंग्रजी ओळी सरसर वर पळाल्या. तिला त्यातलं 'एरर' तेवढं कळत होतं. मोबाईलचं नेट जोडून काही उतरवायला घेतलं, ते निम्म्यावर अडलं, परत सुरू केलं. मग नव्या नावाचं खातं उघडून आत जायला त्यानं सांगितलं. निळा पडदा आला, खालची पट्टी आली.

"आलं वं माय!" पुष्पाबाई, सासूबाई, ओरडल्या.

जयमालानं अक्षरांचा तक्ता उघडला. पट्टी थरथरली, सगळं काळं झालं. चौकट.

"ताई, आता पेन ड्राइव्हवरून सगळं नव्यानं टाकाच लागते. तुले फोनवर नाई जमणार. मी रविवारी येतो."

"गाडी दुपारी येऊन राह्यली रे!"

तिनं फोन ठेवून दिला.

राम वडिलांच्या तोंडाशी वाकला. "बाबा, नळी लावाची असन तर डोये मिटा."

वामनरावांनी डोळे मिटले नाहीत.

"नाई लावाची? मंग दोनदा मिटा."

तरीही नाही. ते लॅपटॉपकडेच बघत होते. रामनं विचारलं, दुखन म्हणून भीती वाटते काय? पुष्पाबाईंनी विचारलं, दवाखान्यात राहाचं नाई काय? जयमालानं विचारलं, अकोल्याले नाई जायचं काय? प्रत्येक प्रश्नाला तीच उघडी, ओली नजर. शेवटी वामनरावांनी मान भिंतीकडे वळवू पाहिली. तेवढीही वळली नाही.

"मामाजी, मी काय करू, सांगा न," जयमाला सासऱ्यांना म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कळून तिनं तोंडाला पदर लावला.

गाडी आली. 'लावा' म्हटलंच होतं, असं धरून त्यांना नेलं. नळी बसली. डॉक्टर म्हणाले, छान झालं.

रविवारी गोविंदा आला. घंट्याभरात त्यानं सगळं पुसून नवं टाकलं. पडदा स्वच्छ आला, तक्ता उघडला, उजेड ओळीवरून सरकू लागला. जयमालानं वामनरावांचं बोट बटणावर ठेवलं. दवाखान्यातल्या दिवसांनी त्या बोटातलं बळ पार उतरून गेलं होतं. क गेला, ख गेला, ग गेला. कपाळावरची शीर फुगली, बटण खाली गेलं नाही.

"बटणाची स्प्रिंग नरम करू काय?" गोविंदानं विचारलं.

त्यानं केली. उजेड पुन्हा पहिल्या ओळीवर आला. जयमाला त्यांच्या बोटाखाली तळवा धरून बसून राहिली, आणि अक्षरं एकामागून एक पुढे जात राहिली.