मागच्या जिन्याची कडी

लातुरातल्या मुलींच्या त्या वसतिगृहात मुली येत-जात राहिल्या, ते सांभाळणाऱ्या जगदेवीकाकू मात्र तिथंच राहिल्या. इमारत मृत्युंजयअप्पांची. ते दाळमिलमध्ये गुंतलेले, इकडं क्वचित फिरकत. नळाला पाणी नाही, कुणाला ताप आला, क्लासची रिक्षा चुकली, सगळं काकूंच्या डोक्यावर. गुडघे दुखायचे, पण सांगायचं कुणाला?

वरच्या मजल्यावरून मागच्या लोखंडी जिन्यावर उघडणाऱ्या दारापायी तर त्या जेरीला आल्या होत्या. अग्निशमनवाले बजावून गेले होते, दार मोकळं ठेवा. पालक म्हणत, कुलूप लावा, पोरी तिकडून सटकतात. अप्पा दोघांनाही हो म्हणत. शेवटी काकूच बाहेरून कडीला कुलूप लावत. वाद घालायचं त्राण उरलं नव्हतं.

उन्हाळ्यात एका दुपारी खाली मीटरच्या पेटीतून ठिणग्या उडाल्या. पुढच्या जिन्याखाली जुन्या गाद्यांचा ढीग होता, त्यानं पेट घेतला. काळा धूर जिन्यानं वर चढला. काकू मागं कपडे वाळत घालत होत्या. धूर दिसताच त्यांनी हातातले कपडे टाकले. गुडघ्यांची पर्वा न करता त्या लोखंडी जिना चढल्या. आतून मुली दार बडवत होत्या. घाईत कमरेची किल्ली कुलुपात शिरेना.

कुलूप निघालं तशा मुली खोकत, एकमेकींना धरून बाहेर पडल्या. धुरानं घुसमटलेल्या उमरीच्या शिवानीला तिघींनी उचलून आणलं. तिला दवाखान्यात ठेवावं लागलं, पण ती वाचली. बंबानं आग विझवली.

संध्याकाळी अप्पा आले. महादेवानं राखलं म्हणाले, वायरिंग नवी करून देतो म्हणाले. मग हळूच त्यांनी विषय काढला, की थोडे दिवस दार उघडं राहू द्या, पुढं पुन्हा कुलूप लावावंच लागेल, पालकांचे फोन येतात.

"अप्पा, आतून पोरी दार बडवत व्हत्या," त्या म्हणाल्या. "त्यो आवाज तुमी ऐकला न्हाई."

"पर पालकांना काय सांगू?"

"मी सांगते. कुलूपच लावायचं असंल तर किल्ली तुमच्यापाशी ठेवा, आन् हितं राहायला या."

अप्पा चपला घालून निघून गेले. दुसऱ्या दिवशी काकूंनी सुताराला बोलावून बाहेरची कडीच काढून टाकली. उरलेल्या गाद्या भंगारात दिल्या. मग एकेका पालकाला फोन लावला. बिलोलीचा एक बाप मुलीला घेऊनच गेला. शिवानीची आई उमाबाई फोनवर नुसती रडत राहिली. बाकीच्यांना काकूंनी शब्द दिला, पोरींवर मी नजर ठेवते.

तेव्हापासून त्यांची खाट मागच्या जिन्याच्या पायथ्याशी आहे. दुपारी जरा डोळा लागतो तोच लोखंडी पायरी वाजते.

"कोन गं?"

"मी आहे काकू, कपडे काढायला चाललेय."

काकू हूं म्हणतात आणि कुशीवर वळतात.