एका ओढणीतल्या दोघी

आंजीच्या रस्त्यावरच्या सूतगिरणीत परदेशातलं काम आटलं आणि साचे एकामागून एक गप झाले. शेवटी सूत कातायचा एकच साचा चालू राहिला. त्यावर एकच बाई ठेवायची ठरली. मॅनेजर धनंजय साहेबांनी नाव सुचवायचं काम मुकादमाच्या, म्हणजे प्रफुलच्या गळ्यात टाकलं. प्रफुलनं जुनी म्हणून जिजाचं नाव दिलं आणि तिच्या शेजारच्या साच्यावरच्या वर्षालीकडे पाहायचं टाळलं. वर्षालीचा नवरा फरशा बसवायचा. बांधकामं थांबल्यापासून तोही पिपरी मेघेत घरीच बसून होता.

आठवडाभरानं प्रफुलला साच्यापाशी काहीतरी खटकलं. हवेत कापूस उडतो म्हणून तिथं सगळ्याच बाया डोळे सोडून तोंड ओढणीत गच्च बांधतात. जिजाही बांधायची. पण आज तुटलेला धागा ती डाव्या हातानं सांधत होती. जिजा तर उजवी. डावखुरी अख्ख्या गिरणीत एकच होती.

प्रफुल जवळ गेला. ओढणी जिजाची, चप्पल जिजाची, डोळे मात्र वर्षालीचे, आणि तेही भेदरलेले.

एक दिवस ही, एक दिवस ती, असं दोघींनी वाटून घेतलं होतं. नोकरी एक, चुली दोन. गेटवर हजेरी घ्यायचा प्रफुलच, म्हणजे हे सगळं त्याच्याच नाकाखालून चाललं होतं. त्याला आधी घाम फुटला, मग असं हसू आलं की माठामागे जाऊन उभं राहावं लागलं. तोंड पुसून तो परत आला आणि तिच्या कानाशी पुटपुटला, "उजव्या हातानं सांध वो बाई. मलेई पोट हाय."

वर्षालीनं मनावर घेतलं. घरी सुताचे तुकडे घेऊन उजवा हात वळवत बसली. जिजाला मात्र हे सांगायचं राहून गेलं. तिकडं जिजाला वाटलं, हिचा डावा हात एखाद्या दिवशी घात करणार. म्हणून तिनं मुकाट्यानं आपलाच डावा हात तयार केला. झालं. आता जिजा डाव्यानं सांधायची आणि वर्षाली उजव्यानं. प्रफुलनं कपाळाला हात लावला. पण मनातल्या मनात तो त्या दोघींच्या पाया पडला. एवढी हिकमत त्यालाही सुचली नसती, आणि लोकांना बनवण्यात तो काही कच्चा नव्हता.

धनंजय साहेब फेरीला यायचे, हात पाहायचे आणि खूश होऊन जायचे. ही बाई दोन्ही हातांनी सांधते, खाडा करत नाही, थकत नाही, असं ते सगळ्यांना सांगत. तेवढ्यात नागपूरच्या एका व्यापाऱ्याचं काम आलं. साहेब साच्यापाशी आले आणि म्हणाले, उद्यापासून दुसरा साचाही जिजाच पाहील, नवीन माणूस नको.

प्रफुलचं हसू वाळलं. दोन साच्यांमागं एकटी बाई धावून धावून मेली असती. नाही म्हणाली तर घरची वाट. आज जिजाचीच पाळी होती. समोर धागा तुटला. तिनं तो डाव्या हातानं सावकाश सांधला आणि तोंडावरची ओढणी सोडली.

"साहेब, आमी दोघी हावो. एक दिवस मी येतो, एक दिवस वर्षाली. मंग थकन कशी? दोन साचे देता त दोघीले द्या. नाईत मीई चाल्ली घरी."

साहेबांनी आधी जिजाचे हात पाहिले. मग प्रफुलकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं?"

"साहेब, बायाइच्या तोंडाकडे मी पाहत नाई."

"आणि ती वर्षाली? तीही अशीच डाव्या हातानं सांधते?"

"आता उजव्यानंई येते तिले," प्रफुल बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

"उजव्यानं? कवापासून?" साहेबांच्या आधी जिजाच त्याच्याकडे वळली.

साहेबांनी रुमाल तोंडाला लावला. कापसासाठी की हसू दाबायला, ते कळलं नाही. उद्या दोघींना बोलवा म्हणाले, आणि गेटवर दोघींना ओढणी सोडायला लावून हजेरी घ्या.

प्रफुलनं जेवणाच्या सुट्टीचीही वाट पाहिली नाही. गाडीला किक मारली आणि निघाला पिपरी मेघेकडे, वर्षालीला सांगायला.