एका चिठ्ठीला एक वही

सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी कारकून आला. त्याने छत्री दाराच्या कडीला अडकवली, खुर्चीवरची उशी उलटी केली, टेबलाचा डावा खण किल्लीने उघडला आणि मला बाहेर काढून शाईच्या गादीशेजारी आडवे ठेवले. गादीवर निळ्या शाईचे चार थेंब सोडले, बोटाने पसरले आणि बोट कालच्या वर्तमानपत्राला पुसले. त्याच वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर मला एकदा दाबून पाहिले. अक्षरे स्वच्छ उमटली. त्याने मान हलवली. दिवसभरात तो एवढ्या एकाच गोष्टीवर खूश होत असे. दहा वाजून वीस मिनिटांनी त्याने खिडकीची फळी वर सरकवली. बाहेर सतरा माणसे उभी होती. त्यांनी आत पाहिले, आतल्याने बाहेर पाहिले, आणि दोन्ही बाजूंची तोंडे एकदमच आंबट झाली.

मित्रांनो, रिवाज म्हणून तुम्हाला मित्र म्हणतो. एरवी मला कोणी मित्र नाही. जुनी छत्री किंवा जुना कंदील आपली कहाणी सांगू लागला की तुमचे डोळे पाणावतात. मी जुना रबरी शिक्का आहे. वर लाकडी मूठ, तळाला रबराची पट्टी आणि त्या पट्टीवर उलट्या अक्षरांत एकच वाक्य: ‘सदर नोंद आढळून येत नाही.’ जन्माच्या दाखल्यासाठी आलेल्या ज्या अर्जावर मी उतरतो, त्या अर्जाचा धनी या कचेरीच्या लेखी जन्मलेलाच नसतो. तेव्हा तुम्ही माझ्यासाठी रडावे अशी माझी अपेक्षा नाही.

माझा जन्म एका अरुंद दुकानात झाला. शिक्के करणाऱ्याने माझी अक्षरे पातीने कोरली तेव्हा शेजारी माझी भावंडे होती: शाळेचा शिक्का, टपालाचा शिक्का, ‘तातडीचे’ असे म्हणणारा एक शिष्ट शिक्का. मला मागवले होते थोरल्या कारकुनांनी. तोवर ते हे वाक्य हाताने लिहीत; पण वय झाले, हात कापू लागला, आणि अक्षर वाचता येत नाही अशी तक्रार गेली. म्हणून मी आलो. महिन्यातून दोनदा, फार तर तीनदा ते मला उचलत, आणि तेही वहीची पाने दोनदा उलटून झाल्यावर.

त्यांची एक पद्धत होती, ती नीट ऐका, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. जन्माची नोंद जन्माच्या दिवशी होत नाही. घरचे कोणी कचेरीत येऊन खबर देतात त्या दिवशी होते. डिसेंबरच्या अखेरीस मूल जन्मले आणि बाप जानेवारीत कचेरीत उगवला, की ते मूल पुढच्या सालच्या वहीत जाऊन बसते. म्हणून डिसेंबरचा जन्म असला की थोरले कारकून चिठ्ठीवर लिहून दप्तरखान्यातून दोन वह्या मागवीत: त्या सालची आणि पुढल्या सालची. नव्या वहीची पहिली चार पाने पाहून झाल्याशिवाय त्यांनी मला कधी शाई लावली नाही.

ते निवृत्त झाले. त्याच साली दप्तरखान्यातला एक माणूस दोन जाड वह्या काखेत घेऊन उतरताना शिडीवरून कोसळला आणि त्याचे खुब्याचे हाड मोडले. मोठ्या साहेबांनी कपाटावर एक सूचना चिकटवली: ‘एका चिठ्ठीला एक वही. तात्पुरते.’ कागद पिवळा पडला, साहेब बदलले, आणि तात्पुरते हा शब्द असलेला तुकडा झुरळांनी खाल्ला. उरले ते कायद्यासारखे झाले.

आताचा कारकून त्या सूचनेखालीच वाढला. लोक त्याला पाठीमागे उद्याराव म्हणतात; ‘उद्या या’ हे त्याच्या तोंडचे आवडते वाक्य. त्याच्या हाताखाली मला दिवसातून चार-पाच वेळा काम पडू लागले. कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पेटीत गोल शिक्का राहतो. दाखला देणारा तो. त्याला लोक जवळजवळ ओवाळतात. माझ्याकडे मात्र डोळे वटारतात, आणि एका म्हाताऱ्याने तर एकदा माझ्यावर थुंकण्याचा प्रयत्न केला. थुंकी उद्यारावाच्या बाहीवर पडली. मला वाईट वाटले नाही. खरे सांगायचे तर मलाही ही माणसे आवडत नसत. अर्धवट अर्ज, ओल्या छत्र्या आणि तोंडात एकच रड. त्यांचे तोंड बंद करण्यात मला एक प्रकारचा आनंद होऊ लागला होता, हे मी लपवत नाही.

त्या सकाळी रांगेत आठवी उभी होती इस्त्रीमावशी. इस्पितळाच्या धुलाईघरात ती तीस वर्षे चादरींना इस्त्री करीत आली होती. मनगटावर जुन्या चटक्यांच्या रेघा होत्या. अर्ज मुलीच्या सुबक अक्षरात भरलेला होता: जन्म अठ्ठावीस डिसेंबर, साल बासष्ट, घरीच, सुईणीच्या हातून. आईचे नाव, वडिलांचे नाव, गल्ली, सगळे जागच्या जागी. नोकरीला लागताना कोणीतरी तिच्याकडे एकदा पाहून अंदाजाने वय लिहून टाकले होते, चार वर्षे जास्तीचे. त्या अंदाजाप्रमाणे महिनाअखेर तिची नोकरी संपत होती, नोकरीबरोबर इस्पितळाने दिलेली खोली जात होती, आणि त्या खोलीत राहून परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या मुलीची दोन वर्षे अजून उरली होती. दाखला मिळाला तर चार वर्षे हातात. बावीस दिवस बाकी होते.

उद्यारावाने चिठ्ठीवर ‘बासष्ट’ लिहिले आणि मागे सरकवली. दप्तरी उठला. थोरल्या कारकुनांच्या वेळचा हा माणूस गुडघे धरून शिडी चढतो; सगळे त्याला शिडीदादा म्हणतात. त्याने बासष्टची वही आणून ठेवली. उद्यारावाचे बोट डिसेंबरच्या पानांवरून खाली घसरले, शेवटच्या रेघेवर पोचले आणि थांबले. पुढल्या क्षणी माझे तळवे गादीवर होते.

मला ठाऊक होते. त्रेसष्टची वही त्याच फळीवर बासष्टच्या खांद्याला खांदा लावून उभी होती. शिडी हलवावीसुद्धा लागली नसती. पण शिक्क्याला जे कोरले आहे तेच बोलता येते. मी बोललो.

“म्हणजे काय?” इस्त्रीमावशीने विचारले.

“म्हणजे नोंद नाही.”

“मी समोर उभी आहे ना?”

“तुम्ही आहात. नोंद नाही.” मग त्याने पाठ केलेले सगळे एका दमात सांगितले: वरच्या कचेरीत जा, प्रतिज्ञापत्र करा, जन्म डोळ्यांनी पाहिलेले दोन साक्षीदार आणा, जाहीर नोटीस द्या, आदेश मिळाला की नव्याने नोंद होईल. सहा महिने, आठ महिने. आणि फळीच्या बाहेर मान काढून त्याने पुढच्याला हाक मारली.

नऊ दिवसांनी ती परत आली. दरम्यान तिने काय काय केले ते तिने खिडकीतूनच सांगून टाकले, कोणी विचारले नसताना. सुईण कधीच वारली होती. आईची थोरली बहीण जिवंत होती, पण सही करण्याइतके तिचे भान उरले नव्हते. भाचीला ती दोनदा ‘कोण गं तू’ म्हणाली. एक गोष्ट मात्र म्हातारीने न चुकता सांगितली. बाप मालाच्या गाडीवर होता. तो परतला नव्या वर्षात, आणि मगच कचेरीत गेला.

“तेव्हा त्रेसष्टची वही बघा,” इस्त्रीमावशी म्हणाली.

“जन्म बासष्टचा ना तुमचा?”

“हो.”

“मग त्रेसष्टच्या वहीत तुमचं काय काम?”

तिने पुन्हा समजावले. त्याने कपाटावरच्या सूचनेकडे बोट दाखवले. एका चिठ्ठीला एक वही, आणि तिची एक पाहून झाली होती. तिने दुसरी चिठ्ठी मागितली. त्यावर तो म्हणाला की त्रेसष्टची चिठ्ठी हवी असेल तर अर्जात जन्मसाल त्रेसष्ट लिहावे लागेल, आणि खोटे साल लिहिणे हा गुन्हा आहे. हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर कोडे घालून बसलेल्या माणसाचे सुख होते.

रांग तिच्या बाजूची नव्हती. मागून कोणी म्हणाले, बाई, भांडायचे तर घरी जाऊन भांडा. दुसऱ्याने चुकचुकत सुचवले की या वयात कशाला नोकरीचा सोस, घरी बसावे, आराम करावा.

ती वळली. “घरी बसून भिंतींना इस्त्री करू? आणि भिंती तरी कुठं राहतायत माझ्या?” मग साऱ्या रांगेवरून नजर फिरवून म्हणाली, “तुम्ही सगळे आजारी पडून ज्यांवर लोळलात त्या चादरी मी सरळ केल्यात. दहा मिनिटं सरळ उभे राहा.”

रांग गप्प झाली. पण गप्प होणे म्हणजे बाजू घेणे नव्हे. उद्यारावाने तिचा अर्ज पुन्हा पुढ्यात ओढला, मला उचलले, गादीवर दाबले. मी शाईने भरून गेलो.

मागे शिडी करकरली.

कोणी चिठ्ठी दिली नव्हती. शिडीदादा एक पायरी चढे, थांबे, गुडघ्याला काहीतरी शिवी देई आणि पुढची पायरी चढे. उद्यारावाने त्याला दोनदा विचारले की कोणत्या चिठ्ठीवर चढतोस. तिसऱ्यांदा विचारायच्या आत तो वही घेऊन खाली उतरला होता. त्याने ती टेबलावर ठेवली, दुसरे पान उघडले आणि धाप आवरत म्हणाला, “हात थांबवा जरा, साहेब.”

मी हवेत होतो. खाली पान होते. खबर दिल्याची तारीख नऊ जानेवारी. जन्म अठ्ठावीस डिसेंबर. मुलगी. आईचे नाव, वडिलांचे नाव, गल्ली, सगळे अर्जातल्यासारखे. खबर देणाऱ्याच्या रकान्यात सही नव्हती. काळ्या शाईचा एक अंगठा होता, डाव्या बाजूला थोडा फरफटलेला. मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. शाई लागणे तेच, दाबणे तेच. पण तो अंगठा इतक्या वर्षांनीही ‘आहे’ म्हणत होता, आणि मी रोज ऐटीत ‘नाही’ म्हणत आलो होतो, न पाहता.

उद्यारावाने मला गादीशेजारी ठेवले. अर्जावरून आणि वहीवरून दोनदा बोट फिरवले. मग म्हणाला, “उशीर तुमच्या वडिलांनी केला. कचेरीचा यात दोष नाही.”

“असेल. वर गेले की त्यांना विचारते,” इस्त्रीमावशी म्हणाली. “तोवर दाखला द्या.”

तिने खिडकीतून हात आत घातला आणि एक बोट त्या अंगठ्याकडे नेले. वहीला हात लावायचा नाही, असे तो खेकसला. बोट मागे गेले. मग, कोणी पाहत नाही असे समजून, त्याने वही तिच्याकडे फिरवली आणि खिडकीच्या कडेपर्यंत सरकवली. तेवढ्याने त्याचे काम अडले नाही; तो दाखला लिहीत होता.

पेटी उघडली, गोल शिक्का उतरला. तिने आभार मानले नाहीत. जाताना फक्त शिडीदादाला म्हणाली, “गुडघ्यांना शेक घ्या, दादा. इस्त्री आणून देत नाही, चामडी जाईल.”

दुपारी फळी खाली आल्यावर उद्याराव शिडीदादावर घसरला. इतकी वर्षे हे ठाऊक होते तर बोलला का नाहीस, असे त्याने विचारले.

“चिठ्ठीवर असेल ती वही आणायची,” शिडीदादा म्हणाला. “तुम्हीच शिकवलंत.”

उद्यारावाने नाकारलेल्या अर्जांची फाइल काढली आणि डिसेंबरच्या अखेरीचे जन्म वेगळे ठेवू लागला. अकरा निघाले. अकरांच्याही कपाळावर मी होतो. कुठे ठळक, कुठे तिरका, एका ठिकाणी तर दोनदा, कारण त्या दिवशी त्याला कसली तरी घाई होती. पुढचे तीन दिवस शिडी करकरत राहिली. अकरांपैकी सात नोंदी सापडल्या. त्याने सात पत्रे लिहिली: ‘आपली नोंद आढळली आहे. ओळखीच्या कागदांसह यावे.’ क्षमा हा शब्द कुठल्याही पत्रात नव्हता. पाच माणसे आली; त्यातल्या दोघांनी त्याला खिडकीतून मनसोक्त शिव्या दिल्या, आणि त्याने त्या ऐकून घेतल्या. दोन पत्रे परत आली. एकावर ‘येथे राहत नाही’ असे लिहिले होते. दुसऱ्यावर ‘मयत’.

मित्रांनो, वस्तूंनी शेवटी विनवणी करायची असते: आम्हाला जपा, धूळ पुसा, फेकू नका. माझी विनवणी उलटी आहे. मला जपू नका. तुमच्यापैकी कोणी उद्या अशा खिडकीच्या आत बसेल, कोणी बाहेर उभे राहील. बाहेरच्याने पुढच्या सालची वही मागावी आणि लाजू नये. आतल्याने पान उलटावे. एवढे केले तर माझ्यासारखे शिक्के मूठभरच पुरतील.

‘मयत’ लिहिलेले पत्र परत आले त्या संध्याकाळी, कचेरी रिकामी झाल्यावर, उद्यारावाने कपाटावरची पिवळी सूचना नखाने खरवडून काढली. मग ओल्या फडक्याने माझी अक्षरे पुसली, एकेक खाच, अगदी रबराचा मूळ रंग दिसेपर्यंत. इतक्या काळजीने मला आजवर कोणी हाताळले नव्हते. त्याने मला वर्तमानपत्रात गुंडाळले, टेबलाच्या सर्वांत खालच्या खणात ठेवले आणि किल्ली फिरवली.

आता ते वाक्य तो हाताने लिहितो. मला इथून लेखणीचा आवाज येतो. पाच शब्दांना वेळ लागतो. कधी कधी ‘सदर नोंद’पर्यंत येऊन लेखणी थांबते, खुर्ची मागे सरकते, आणि शिडीदादाला न उठवता तो स्वतःच शिडी चढू लागतो.