दाराजवळच्या आधी

आमच्या मिलनची बायको ईश्वरी कार्ल्सरूहेला शिकलेली, नदीच्या ऑफिसात इंजिनियर. २००६च्या फेब्रुवारीत अख्खी गल्ली तिच्या नावानं खडे फोडत होती. त्यात मीही होते.

इथे जर्मनीत एल्ब नदी गोठली होती. वाहत आलेले बर्फाचे तुकडे आमच्या पुलाशी अडकून एकमेकांवर चढले होते आणि त्यांच्यामागे पाणी तुंबत होतं. आमचं घर पुलाच्या वरच्या अंगाला, अगदी काठावर. २००२च्या पुरानं तळमजला धुऊन नेला होता. तो माझ्या नवऱ्यानं, युर्गननं, स्वतःच्या हातानं पुन्हा उभा केला. आता बागेच्या पायऱ्या एकेक करून पाण्याखाली जाऊ लागल्या, तसा तो भिंतींवरून हात फिरवत बसायचा. मला ते बघवेना.

बर्फ फोडणाऱ्या दोन बोटी आल्या होत्या, पण पुलाशी नाही. पार खाली, नदीच्या वळणावर. तिथेच मागेपुढे, मागेपुढे. आणि हे ठरवणारी कोण, तर आमचीच सून! मी फोन लावला.

"अगं, पाणी दारात आलंय आणि तुझ्या बोटी तिथे फेऱ्या कसल्या मारताहेत? आधी पुलाखालचा बर्फ फोडा ना!"

"नाही आई. खालून वर यायचं. आधी वळण मोकळं व्हायला हवं."

"आणि तोवर बाबांनी काय करायचं? पोहायचं?"

"आई, प्लीज, रविवारपर्यंत थांबा."

मी फोन आपटला.

शनिवारी रथसप्तमी. हळदीकुंकू आधीच ठरलेलं, आणि आमच्या मराठी बायका बर्फाला थोड्याच घाबरतात! शेजारची फ्राउ क्र्यूगरही आली. तिचा बेत पक्का होता: कार्यक्रम आटोपला की आम्ही दोघींनी महापौरांकडे जायचं आणि बोटी पुलाशी आणायला लावायच्या. खुद्द सासूच तक्रार करतेय म्हटल्यावर कोण ऐकणार नाही? मी हो म्हटलं होतं.

निघताना दरवर्षीचाच गोंधळ झाला. आमचा पॅसेज अरुंद, त्यात सगळ्यांचे जाडजूड कोट, आणि हातात वाण म्हणून दिलेली स्टीलची गाळणी. दाराशी दोघी बुटांच्या नाड्या बांधता बांधता गप्पा छाटत होत्या. सगळ्यात मागून शोभना ढकलायला लागली, "सरका ना गं, माझी ट्रेन चुकेल!" तशा सगळ्या आणखीच घट्ट अडकल्या. कुणाच्या तरी गाळणीचा दांडा फ्राउ क्र्यूगरच्या पोटात टोचत होता.

"मागून ढकलू नका!" मी ओरडले. "दाराजवळच्या आधी बाहेर पडा, मग बाकीच्या आपोआप निघतील!"

ओरडले आणि माझं मलाच ऐकू आलं. पोरगी फोनवर दुसरं काय सांगत होती? पुलाखालचा बर्फ आधी फोडला असता तर तो वळणावर जाऊन असाच अडकला असता, आणि पाणी आणखी चढलं असतं. दरवर्षी मी बायकांना हेच सांगते, आणि सुनेचं एकदा नीट ऐकून घेतलं नाही. माझा मलाच राग आला.

पॅसेज रिकामा झाला. फ्राउ क्र्यूगरनं टोपी चढवली. "आल्झो, चला तर, निघायचं?"

"नाही," मी तिला जर्मनमध्ये सांगितलं. "बसा, कॉफी टाकते. माझी सून काय करतेय ते मला आत्ता कळलंय."

तिला ते पटलं नाही. खरं तर रात्रभर माझाही जीव टांगणीला होता.

रविवारी सकाळी बोटी पुलाशी आल्या. मोठा कडकडाट झाला, बर्फ हलला, पुलाखालून निघाला आणि वळणावरून कुठेही न अडता पुढे गेला. युर्गन बागेत जाऊन उभा राहिला. बऱ्याच वेळानं त्याची हाक आली, "कुमुदिनी, पायरी दिसतेय!" मी तिथेच रडले.

दुपारी ईश्वरी आली. अंगात नारिंगी जॅकेट, डोक्यावर हेल्मेट, डोळे जागून लाल. उंबऱ्यातच थबकली.

"अजून चिडलेल्याच आहात का?"

मी कोयरी घेऊन आले. तिचं हेल्मेट मागे सारलं, हळदीकुंकू लावलं आणि गाळणी हातात ठेवली.

"अहो आई, हळदीकुंकू तर काल झालं ना?"

"झालं," मी म्हटलं. "पण दाराजवळची, त्या वळणावरची, तूच होतीस. आधी तुझंच ऐकायला हवं होतं."