दुसरा हात

"हात बांधायचा म्हणजे बांधायचा! दोनदा उपटलीये तिने नाकातली नळी."

"हात लावून तर बघ. बोटं मोडीन."

"आवाज खाली! हे हॉस्पिटल आहे. शाळा अर्ध्यात सोडली आणि निघाला डॉक्टरांना शिकवायला. ते म्हणालेत ना, हात आपोआप हलतो. त्याला अर्थबिर्थ काही नाही."

धाकट्याने दादाच्या हातातली पट्टी हिसकावली आणि खिशात कोंबली.

कॉटवर आई छताकडे बघत होती. जन्मापासून बहिरी. तोंडातून शब्द कधी फुटला नाही, पण तिचे दोन हात असे चालायचे की बडबड्या मावशीनेही हार मानावी. खुणा सगळ्या घरच्याच, बाहेर कुणाला कळायच्या नाहीत. दादा नोकरीसाठी लवकर घराबाहेर पडला, विसरला. धाकट्याला मात्र आधी खुणा आल्या, मग बोलणं.

आता उजवी बाजू लुळी पडलेली. उरला डावा. तो उठायचा, हवेतच पालथा व्हायचा, धपकन पडायचा. पुन्हा उठायचा. धाकटा सकाळपासून डोळ्यांत तेल घालून बघत होता आणि त्याला ओ की ठो कळत नव्हतं. तोच राग दादावर निघत होता.

"झालं समाधान? दे ती पट्टी."

"थांब रे!"

डावा हात पुन्हा उठला. या खेपेला धाकट्याचं लक्ष हाताखालच्या रिकाम्या जागेकडे गेलं. खूण दोन हातांची असेल तर? दुसरा हात ती आणणार कुठून?

त्याने आपला तळवा उताणा करून तिथे धरला.

आईचा हात आला आणि त्यावर पालथा पडला. नेमका. दाबून राहिला.

खालचा तळवा म्हणजे ताट, वरचा म्हणजे झाकण. घरात रोज जेवताना व्हायची ही खूण. पुरे. आता नको वाढूस.

धाकट्याने दुसऱ्या हाताने नाकातल्या नळीला बोट लावलं, भुवया उडवल्या. हे? आईने डोळे मिटून उघडले. हात उचलला, पुन्हा तसाच ठेवला. त्याने मान हलवली, नाही. तिने पुन्हा ठेवला.

"अरे, हात धरला तुझा!" दादाचा आवाज चिरकला. "तुझंच खरं रे. बोलतेय ती! काय म्हणतेय?"

सिस्टर पातळ दुधाची मोठी सिरिंज घेऊन आत आली.

"सांग ना, गाढवा!"

धाकट्याने सिरिंजकडे पाहिलं, मग दादाकडे.

"विचारतेय, दादा जेवलाय का."

दादा हसला, मग बाहीत तोंड खुपसून हमसून रडायला लागला. सिस्टरने सिरिंज नळीला लावली. दूध हळूहळू उतरायला लागलं. आईचा हात पुन्हा उठला, धाकट्याचा तळवा शोधत.

त्याने दोन्ही हात मागे घेतले.

"मला निघायचंय आता."