जिचं तिचं अंडं

पिकअपच्या हौद्यात पहाटे पाणी ओततात. धुवायला नव्हे. बायकांनी खाली बसू नये म्हणून. बसलेली बाई दोघींची जागा खाते आणि उभ्या बाया मेंढरांसारख्या कितीही कोंबता येतात, हा लझहर ड्रायव्हरचा हिशेब. सिदी बूझिद शहराच्या आसपासच्या गावांतून टोमॅटो तोडायला बायका अशाच जातात, ओल्या पत्र्यावर उभ्या, एकमेकींच्या खांद्याला धरून. शहरात डबा फोडून टोमॅटोचा गर कढईत ओतणाऱ्यांना हे ठाऊक नसेल. नसेल तर आता झालं.

शेदलिया या हौद्यातून जायची बंद झाली होती. ती चालत जायची.

उजाडायच्या आधी घर सोडायची, निवडुंगाच्या कुंपणांना धरून शेताची वाट काढायची. अर्ध्या वाटेत मागून गाडी यायची. ती कडेला सरायची. हौद्यातल्या बायका तिच्या डोक्यावरून पलीकडे बघायच्या, जसा काही तिथे विजेचा खांब आहे. गाडी जायची, धूळ राहायची. शेदलिया रुमालाची गाठ चाचपायची. गाठीत एक अंडं असायचं. रोज.

त्या अंड्याचं असं होतं. शेतावर दुपारच्या आधी शकशूका होते. मुकादम सुट्टी देतो ती एवढीशी, त्यात दुसरं काही शिजत नाही. पेटीत न घेतलेले, तडकलेले टोमॅटो शेतातच मिळतात. तीन दगडांवर हनियामावशीची काळीकुट्ट कढई चढते. ऑलिव्हचं तेल, कांदा, हिरव्या मिरच्या, शहाजिरं, आणि मावशीच्या बरणीतला हरिसा, म्हणजे लाल मिरची-लसणाचा तो गोळा, जो नुसता हुंगला तरी नाक वाहायला लागतं. टोमॅटो विरघळून रटरटायला लागले की मावशी चमच्याच्या पाठीने त्यात खळगे करते आणि एकेका खळग्यात एकेक अंडं फोडते. अंडं जिचं तिने घरून आणायचं. गाडीतच अंड्यांची टोपली फिरते. आपल्या अंड्यासमोर आपण बसायचं, भट्टीची भाकर मोडायची आणि आपल्या पुढचंच खायचं. ताटं नाहीत, वाट्या नाहीत. कढईत अंडं आहे म्हणजे तू आमच्यातली. नाही, तर नाही.

शेदलियाचं अंडं वसंतापासून कढईत पडलं नव्हतं.

पहिल्या दिवशी तिने ते चुलीशेजारी ठेवलं होतं. जेवणं झाली, कढई मातीने घासून झाली, अंडं तिथेच. जन्नत नावाची एक तोंडाळ पोरगी आहे, ती म्हणाली, "अगंबाई, हे कुणाचं? कोंबडी घालून विसरली वाटतं." बायका खो खो हसल्या. शेदलियाने अंडं उचललं, लांबच्या ऑलिव्हखाली गेली आणि हलव्याच्या रिकाम्या डब्यात आपल्यापुरते दोन टोमॅटो शिजवले. मग रोज तसंच. अंडं आधी चुलीशेजारी ठेवायचं, कुणी घेतलं नाही की उचलायचं, झाडाखाली जायचं. हट्ट म्हणा. लाचारी म्हणा. दोन्ही होतं.

तिचा गुन्हा काय? ती खरं बोलली.

वसंतात कोरड्या ओढ्याच्या वळणावर लझहरची गाडी उलटली. हनियामावशीची मुलगी वर्दा जागीच गेली. पोलीस यायच्या आधी लझहर फुटलेलं कपाळ धरून बायकांमधून फिरला. "लग्नाला चाललो होतो म्हणा. माझ्या मावसबहिणीच्या लग्नाला. पैसे घेऊन मजूर भरले म्हणालात तर मी आत. आणि मी आत गेलो तर तुम्हाला कामाला नेणार कोण, तुमचा बाप?" एकेकीने सांगितलं, लग्नाला. मुलीवर चादर घातलेली, तिच्या उशाशी बसलेल्या हनियामावशीनेही सांगितलं, लग्नाला. शेदलियाची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "कामाला चाललो होतो. हौद्यात पाणी ओतलेलं होतं. धरायला काही नव्हतं."

गाडी जप्त झाली. कांद्याचा अख्खा हंगाम बायका घरी बसल्या. लझहर जामिनावर सुटून दुसरी गाडी घेऊन आला, कारण असल्यांना दुसरी गाडी मिळतेच. पण घराघरातल्या उपासाचं खापर फुटलं ते शेदलियाच्या डोक्यावर. तिच्या सख्ख्या भावाने अंगणात मधोमध भिंत घातली. चाळिशी उलटली तरी बिनलग्नाची, म्हणून गाव तिला आधीपासून 'पडीक' म्हणायचंच. आता म्हणायला लागलं, पडीक ती पडीक, वर काटेरी. शेतमालकाने तिला कामावर ठेवली ती काही दयेने नव्हे. टोमॅटो सगळा एकदम पिकतो, तेव्हा कुणाचेही हात चालतात.

मुकादम सोडून दिवसचे दिवस तिच्याशी कुणी शब्द बोलायचं नाही. ती टोमॅटोशी बोलायची. "तू कुजका आहेस," म्हणायची. "तू बरा आहेस, ये." एकदा स्वतःलाच ऐकू आलं आणि ती दचकली.

अपघाताच्या खटल्यात तिची साक्ष होती, त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. ती सरीत गुडघ्यांवर होती. समोर सावली पडली. वर पाहिलं तर हनियामावशी.

"अंडं आणलंयस?"

"रोजच आणते, मावशी."

"दे."

तिने रुमालाची गाठ सोडली. बोटांना चीक लागलेला, गाठ सुटेना. मावशी हात पुढे करून उभी राहिली, घाई केली नाही. अंडं घेतलं, पदरात टाकलं आणि चुलीकडे चालू लागली. "ये मागनं. थंड झालं तर मला बोल लावू नकोस."

बायकांनी जागा केली. "सरका गं, सरका," जन्नत म्हणाली. "पाहुणीला बसू द्या. शेदलियाताई, तुमच्या त्या डब्यात काय मेजवान्या चालायच्या, आम्हाला कधी बोलावलं नाहीत ते!"

"तू आली असतीस तर डबाही खाल्ला असतास," शेदलिया म्हणाली, आणि बायका हसल्या. तिच्या बोलण्यावर हसल्या, तिच्यावर नाही.

मावशीने खळगा केला. अंडं फुटलं, लाल रस्स्यात पांढरं पसरलं, कडेने घट्ट होत आलं. शेदलिया त्याच्यासमोर बसली. डावीकडचा कोपर तिच्या कोपराला लागत होता, उजवीकडचा गुडघा गुडघ्याला. वसंतापासून तिला माणसाचा स्पर्श झाला नव्हता. भाकर बुडवून तिने पहिला घास घेतला. हरिशाने डोळ्यांत पाणी आलं. बरं झालं, हरिसा होता.

दोन-तीन घास झाले असतील, मावशी कढईकडे बघतच म्हणाली, "उद्या कोर्टात काय सांगणार आहेस?"

हात थांबले. सगळ्यांचेच.

"लझहर म्हणतो," मावशी पुढे म्हणाली, "पहिल्यांदा घाबरून भलतंच बोलले, असं सांग. लग्नाला चाललो होतो म्हण. परवापासून गाडी तुझ्या दारात थांबेल. टोपलीही."

असं होतं तर. अंडं पदरात गेलं ते लझहरच्या परवानगीने. शेदलियाने भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

"मावशी, वर्दा तुमची मुलगी होती."

"ते तू मला सांगू नकोस."

"तिच्या पायात रबरी बूट होते. चिखलाचे. लग्नाला कुणी—"

"मला माहीत आहेत बूट!" मावशी ओरडली. मग आवाज खाली आणला, एवढा की शेजारणींनीही माना पुढे केल्या. "मीच काढले ते तिच्या पायातले. आधी मी लझहरसाठी बोलले. पोटासाठी बोलले. आता तसं नाही. आता मी लग्नाला म्हटलं की माझी वर्दा नटलेली असते. माझा निळा रेशमी झगा अंगावर, हातांना मेंदी. गाडीत गाणी म्हणत असते. तू कामाला म्हणतेस, आणि ती पुन्हा त्या बुटांत जाते. शेदलिया, मेलेल्या पोरीला एवढं तरी राहू दे की गं."

रस्सा आटून कढईच्या कडेला चिकटायला लागला होता.

शेदलियाला लझहरशी भांडता आलं असतं. भावाशी, गावाशी, पोलिसांशी. या बाईशी कसं भांडायचं? एका शब्दाचा प्रश्न होता. लग्न. म्हणायला अर्धा श्वास पुरतो. परवा टोपली दारात, कोपराला कोपर, जन्नतचे टोमणे, आणि वर्दा निळ्या झग्यात. कोणाचं काय बिघडतं? तिच्या मनाने तो शब्द जवळजवळ उचललाच होता. हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. देवमाणूस नव्हती ती. एकटी होती.

तिने विचारलं, "आज हौद्यात पाणी होतं?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. जन्नतच बोलली, सहज, जणू कुणी विचारलं होतं, आज सूर्य उगवला का. "असतंच की. त्यात काय विचारायचं?"

"गाडीत कितीजणी होतात?"

"मोजायला कोण बसतंय? बसायला जागा असती तर मोजलं असतं." जन्नत आपल्याच बोलण्यावर हसली आणि हसता हसता थांबली. वर्दाच्या वयाचीच होती ती. झोपेने डोळे सुजलेले, नखांत टोमॅटोचा काळा चीक.

शेदलिया तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मावशी, मी कामालाच म्हणणार."

मावशीने डोळे मिटले.

"वर्दाला तुम्ही घरी जशी हवी तशी नटवा. मी तुमच्या दाराशी येऊन काही बोलणार नाही. पण कोर्टात मी या पोरीसाठी बोलणार. हिचेही बूट उद्या कुणालातरी काढावे लागतील."

"मला कशाला मध्ये घेतेस?" जन्नत घाबरून म्हणाली. "मी नाही हं तुला सांगितलं बोलायला! सगळ्यांनी ऐकलंय, मी काही म्हटलेलं नाही!"

हे असं असतं. ज्याच्यासाठी बोलावं तोच आधी अंग काढून घेतो. शेदलियाला रागही आला नाही. तिने भाकर उचलली आणि खायला लागली. निवांत, आपल्या पुढचं, बलक पुसून, पांढरं तोडून.

"माझ्या कढईत जेवतेस," मावशी म्हणाली, "आणि माझ्याच पोरीला उघडी पाडतेस?"

"कढई तुमची, मावशी. अंडं माझं होतं. ते संपवून उठते."

संपवलं आणि उठली. मागून मावशीचा आवाज आला, अगदी थकलेला. "उद्यापासून आणू नकोस." मग चमचा कढईला खरवडल्याचा आवाज, आणि कुणीतरी म्हटलं, "खा गं बायांनो, मुकादम शिट्टी मारेल."

दुसऱ्या दिवशी शेताला जायचं नव्हतं तरी शेदलिया नेहमीच्याच वेळी उठली. कोर्टात किती ताटकळावं लागेल कोण जाणे, पोटात काहीतरी हवं. तिने गॅस पेटवला. एक कांदा, एक मिरची, दोन टोमॅटो, चमचाभर हरिसा. टोमॅटो गळेपर्यंत तिने तोंडाने म्हणून बघितलं, "कामाला चाललो होतो, साहेब." खोलीत आवाज चमत्कारिक वाटला, घोगरा, दुसऱ्याच कुणाचा तरी. तिने पुन्हा म्हटलं. भिंतीपलीकडे भावाच्या घरात कुणीतरी खोकलं आणि गप्प झालं. ऐकत असणार. ऐकेनात का.

तिने खळगा केला, तोही कढईच्या अगदी कडेला, पलीकडे बाकीच्यांसाठी जागा सोडून. अंडं फोडल्यावर ते तिच्या लक्षात आलं. आता काय करणार, पडलं ते पडलं. ती त्याच्यासमोर बसली आणि आपल्या पुढचं खाल्लं. ते संपल्यावरही भूक होती. पलीकडे बराच रस्सा उरला होता. ती थोडा वेळ बसून राहिली. मग हात लांब करून तिने तो भाग पुसला, त्याच्या पलीकडचाही, सगळी कढई कोरडी होईपर्यंत.

कढई पाण्यात टाकली, डोक्याला रुमाल बांधला, दाराला कुलूप लावलं. तालुक्याचा रस्ता शेताच्या उलट्या अंगाला जातो. त्या रस्त्यावर इतक्या सकाळी कुणीच नव्हतं.