माथ्याखालची घरं

डोंगरावर वसाहत बांधायची परवानगी मागणाऱ्या कंपनीने माथ्यावर बांबू रोवून त्यांना लाल फडकी बांधली होती. घरं किती उंच जातील ते खालून कळावं म्हणून. अशा बांधकामांनी डोळ्यांसमोरचं काय बदलेल, ते तपासणं हे नगररचना कार्यालयात तिचं काम. कॅमेरा घेऊन ती बसथांब्यावर, शाळेच्या मैदानात फिरली आणि शेवटी नणंदेच्या स्वयंपाकघरात आली. ते घर डोंगराच्या अगदी पायथ्याशी होतं.

"ही फडकी म्हणजे छपरं?" ताईंनी खिडकीतून बघत विचारलं.

"हो."

"म्हणजे भांडी घासता घासता मी लोकांच्या बाल्कन्या बघायच्या. तुझ्या हातात आहे ना काही?"

ताईंचे यजमान मागच्या खोलीत शिलाई मशीन दुरुस्त करत होते. तिथूनच म्हणाले, "तिला कशाला गळ घालतेस? उद्या लोक म्हणतील, नणंदेने वशिला लावला."

"तुम्ही तेल घाला मशीनला, भावोजी," ती हसून म्हणाली.

शेरा मात्र तिने कडक लिहिला. एकही छप्पर माथ्याच्या वर दिसता कामा नये. ते नियमाला धरूनच होतं. ताई बोलल्या नसत्या तरी आपण हेच लिहिलं असतं, अशी तिने मनाची समजूत घातली.

कंपनीने नवे नकाशे आणले. घरं तेवढीच, पण उतार कापून खाली बसवलेली. सोबतच्या चित्रात डोंगर होता तसाच हिरवागार.

खोदाई आणि भराव तपासणारे सहकारी तिच्या शेजारच्या टेबलावर बसत. सगळं ऑफिस त्यांना मुरूमकाका म्हणायचं. नकाशा उलगडून त्यांनी उताराच्या रेषा पट्टीने मोजल्या.

"तुझी घरं दिसेनाशी झाली, पण खोदाई दुप्पट झाली," ते म्हणाले. "खालचा आधारच काढून घेतायत."

"मग धोका आहे असं लिहा. मी माझा शेरा मागे घेते."

"डोंगराच्या पोटात काय आहे ते भोकं पाडून बघितल्याशिवाय कसं लिहू? आणि त्याला वेळ लागतो."

साहेबांना वेळ घालवायचा नव्हता. बैठकीत त्यांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "कुणाची हरकत असेल तर आत्ता सांगा."

काका पेनाचं टोपण काढत-घालत राहिले. ते बोलतील म्हणून ती थांबली. ती बोलेल म्हणून बहुधा ते थांबले. शेवटी भक्कम भिंत बांधावी, पाण्याला चर काढावेत, अशा अटी घालून दोघांनी सह्या केल्या.

खोदाई सुरू झाली. पुढच्या वर्षी भिंत अर्धवट असताना पाऊस दिवसचे दिवस लागून राहिला, आणि एका दुपारी उतार खाली आला. ताई दुकानात गेल्या होत्या, म्हणून वाचल्या. मागची खोली राहिलीच नाही. भावोजींचा देह बाहेर काढेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. तिचा नवरा बहिणीला घट्ट धरून चिखलात उभा होता. एका जवानाने मशीनचं वाकलेलं चाक तिच्या हातात आणून दिलं. ते कुठे ठेवावं, तिला सुचेना.

चौकशीत कंपनीने सांगितलं, घरं खाली घ्यायला कार्यालयानेच लावलं. ते खरंच होतं. काका आजारपणाच्या रजेवर गेले, ते परत कामावर आले नाहीत.

ताई भावाकडे राहायला आल्या. एकदा भेटायला आलेल्या शेजारणीला म्हणाल्या, "आमच्यासाठी ही किती भांडली हो त्या लोकांशी." शेजारीण गेल्यावर तिला राहवलं नाही.

"ताई, घरं वर राहिली असती तर एवढं कापलं नसतं. खाली घ्या असं मी लिहिलं."

ताई चादरीची घडी घालत होत्या. ती त्यांनी पुरी केली.

"ह्यांना माहीत होतं?"

"नाही."

"आणि तुला सांगितलं मीच."

"तुमच्यामुळे नाही, ताई. मी तसंही..."

"नको बोलूस आता."

थोड्याच दिवसांत ताई दुसऱ्या शहरात मुलाकडे निघून गेल्या. अधूनमधून त्यांचा फोन येतो. तिने उचलला तर आवाज न चढवता एवढंच विचारतात, "तो आहे का घरात?" ती नवऱ्याला हाक मारते आणि फोन टेबलावर ठेवून आत जाते.